सुमिएच्या वाडग्यात काय होतं

आमच्या गल्लीत कचऱ्याची पिशवी पारदर्शक असते. पालिकेचा तसा नियम आहे, आणि तो करणारी बाई माझ्यासारखीच असणार याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी आठच्या आत पिशव्या कोपऱ्यावर आणायच्या, कावळ्यांनी फाडू नयेत म्हणून वर निळी जाळी ओढायची, आणि ज्या घराची पाळी असेल त्यानं गाडी येऊन जाईपर्यंत लक्ष ठेवायचं. लक्ष कावळ्यांवर ठेवायचं असतं. पण कावळे काय सारखे येतात? मग माणूस पिशव्यांकडे बघत बसतो.

अकरा घरांची आमची गल्ली. कुमे-सान हे आमचे प्रमुख. चाळीस वर्षं पोस्टात होते, आता निवृत्त आहेत आणि घरोघरच्या बातम्या अजूनही वेळेवर पोचवतात. त्यांची बायको रुसून माहेरी गेली होती, तेव्हा ते सांगत होते, ‘मेव्हणीचं बाळंतपण आहे.’ पण पिशवीत नूडल्सचे चौदा रिकामे कप होते. बाळंतपण मेव्हणीचं आणि उपास यांचा, असं कसं? मी विचारलं तेव्हा ते कुंपण कापायला निघून गेले.

तर अशा या गल्लीत माझ्या दारासमोर हिरामात्सुंची सुमिए राहते. वय अडतीस. तोत्तोरीच्या समुद्राकाठची पोर, लग्न होऊन इकडे आली. शिकलेली आहे, एका शाळेच्या स्वयंपाकघरात आहारतज्ज्ञ होती. सहाशे मुलांच्या ताटात किती भात, किती मासा, किती भाजी, ते ही बाई ठरवायची. नवरा कंपनीच्या बदलीवर नागोयाला एकटा राहतो, महिन्यातून दोनदा येतो. एक मुलगी, शिओरी. एवढ्या तीन माणसांच्या घराच्या कचऱ्यात काय असावं? पण एका मंगळवारी मी तिच्या पिशवीत गोड पावांची एकतीस वेष्टनं मोजली. तीसुद्धा उघडी नव्हती, तांदळाची रिकामी पिशवी उलटी करून तिच्यात कोंबली होती. जिच्यात काही लपवलेलं आहे, ती पिशवी मी जरा जास्त वेळ बघते. पुढे दुधाच्या खोक्यांच्या आड साकेची, म्हणजे तांदळाच्या दारूची, खोकी दिसायला लागली. आणि एवढं खाऊनपिऊन बाई छत्रीच्या काडीसारखी! त्याचं गणित मला तेव्हा सुटलं नव्हतं. मी आपलं जंत असतील असं सगळ्यांना सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये ते गणित सगळ्या गल्लीसमोर सुटलं. भर दुपारी सुमिए स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेली सापडली. एका बाजूला पावांचा ढीग, दुसऱ्या बाजूला साकेचं खोकं. सापडली ती तिच्या सासूला. योशिनो-सान पुलापलीकडे राहतात, जन्मभर किमोनो शिवले, टाका चुकला तर ग्राहकासमोर उसवायच्या. त्यांनी आरडाओरडा केला नाही. नातीचं दप्तर भरलं, तिचा हात धरला आणि पुलापलीकडे घेऊन गेल्या. तेव्हापासून शिओरी आजीकडे.

गेल्या वर्षीच्या वसंतात मात्र सुमिएच्या पिशवीतून खोकी नाहीशी झाली. पावांची वेष्टनंही दोन-चारवर आली. आणि त्याच सुमारास ती रोज सकाळी नऊ दहाची बस पकडायला लागली. सोमवार ते शनिवार, रुमालात बांधलेला एकच डबा घेऊन. परत यायची साडेचारला. नोकरी म्हणावी तर कपडे साधे. नोकरी नाही म्हणावं तर एक दिवस खाडा नाही.

मी आधी म्हटलं, पाचिंकोच्या जुगारअड्ड्यावर जात असेल. मग एकदा तिला बसथांब्यावर एका उंच माणसाशी बोलताना पाहिलं आणि दोन दिवस वेगळाच विचार केला. तो तिचा नवरा निघाला, केस कापून आला होता. कुमे-सान म्हणाले, “एखाद्या नव्या पंथात शिरली असणार. थोड्या दिवसांत आपल्या दारात पत्रकं घेऊन येईल बघा.” हे मला पटण्यासारखं होतं. शेवटी माझी दाढ दुखायला लागली आणि मला त्याच बसनं जावं लागलं. दाढ खरंच दुखत होती. अगदी त्याच दिवसापासून.

ती उतरली तिथं मीही उतरले. खाली औषधाचं दुकान, दुसऱ्या मजल्यावर खरोखरच दाताचा डॉक्टर, आणि ती चढली तिसऱ्या मजल्यावर. दाराला वरच्या अर्ध्या भागात काच होती. मी जिन्यावरून मान लांब केली. आत दहा-बारा बायका रांगेत उभ्या होत्या. कोणी काडीसारखी, कोणी गुबगुबीत, एक तर माझ्याएवढ्या वयाची, मोत्याचे डूल घातलेली. समोर नर्स. प्रत्येकीच्या हातात इवलासा कागदी कप. एकेक पुढे यायची, नर्सच्या डोळ्यांदेखत कप एका घोटात रिकामा करायची, तोंड वाकडं करायची, आणि नर्सला तोंड उघडून दाखवायची.

सकाळचे पावणेदहा, आणि बायका रांगेनं कप रिकामे करतायत! मला कुमे-सानचा पंथ आठवला आणि घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. दारावरची पाटी वाचली: ‘महिलांसाठी बाह्यरुग्ण उपचार केंद्र. मद्य, व्यसन, खाण्याचे विकार.’ तिसऱ्या दिवशी कशाला गेले ते मलाही सांगता येणार नाही. दुपारची वेळ होती. बायका लांबलचक टेबलाशी बसून आपापला डबा खात होत्या, नर्सही त्यांच्यातच बसून खात होती. डबे संपले तरी एकही उठेना. नुसत्या बसून राहिल्या, कोणी विणतेय, कोणी घड्याळाकडे बघतेय. जेवण झाल्यावर इतका वेळ ढिम्म बसून राहिलेल्या बायका मी जन्मात पाहिल्या नव्हत्या.

“दात दुसऱ्या मजल्यावर बघतात, तात्सुमी-सान.”

सुमिए माझ्या मागे जिन्यात उभी होती. खालच्या औषधाच्या दुकानातून वर येत असावी, डबा अजून रुमालातच होता.

“अगंबाई, हो का? मी चुकलेच की.”

“तीन दिवस चुकताय.”

मी गालाला हात लावून कण्हले. ती हसली नाही. पायरीवर बसली आणि मलाही बसायची खूण केली.

“कपातून पिताना बघितलंत ना? ती दारू नाहीये. दारू पोटात गेली तर सोसू नये म्हणून द्यायचं औषध आहे ते. ते घेतल्यावर दारूचा घोट जरी गेला तरी चेहरा तापतो, छाती धडधडते, ओकारी येते. रोज सकाळी समोर उभं करून पाजतात.”

“आणि जेवल्यावर बसवून का ठेवतात?”

“उलटी करू नये म्हणून. तासभर मोरीकडे जायचं नाही.” ती हाताची नखं बघत होती. “सहाशे पोरांच्या ताटात काय किती हवं ते मी झोपेतसुद्धा सांगेन. माझ्या ताटाशी मात्र घोटाळा. खायचं, ओकायचं, मग लाज वाटते म्हणून प्यायचं, प्यायलं की पुन्हा खायचं. इथं रोज एक डबा खाऊन तो पोटात ठेवायला शिकतेय. हसायचं असेल तर हसून घ्या.”

मला हसायला आलं नाही, म्हणून मी नाक शिंकरलं.

“मार्च अखेरपर्यंत सगळं ठीक राहिलं तर एप्रिलमध्ये शिओरी घरी येईल,” ती म्हणाली. “चौथीला ती माझ्याकडून शाळेत जाईल. आईंनी तसं कबूल केलंय. तेव्हा हे कोणाला सांगू नका.”

“छे! कोणालाही नाही.”

“तात्सुमी-सान.”

“बरं. कुमे-साननासुद्धा नाही.”

हा गुरुवार होता. मी शुक्रवार राखला, शनिवार राखला. रविवारी कुमे-सान कुंपण कापता कापता म्हणाले, “ती हिरामात्सुंची सून आता आपल्याकडून देणग्या उकळायला येणार.” एखाद्या बाईवर इतका खोटा आळ घेतलेला मला बघवेना. तिची बाजू घ्यायची म्हणूनच मी सांगितलं. बुधवारपर्यंत अकरा घरं तिची बाजू घ्यायला तयार झाली होती.

म्हणजे कशी? भाजीच्या दुकानात बायका तिच्या टोपलीत डोकावायला लागल्या. कोपऱ्यावरच्या आजीबाई ती गेल्यावर हवेत नाक वर करायच्या. आणि कुमे-सान, जे एरवी रस्त्याच्या पलीकडून हात हलवायचे, ते आता पार जवळ येऊन वाकून नमस्कार करायला लागले, श्वासाचा वास यावा म्हणून. सुमिएला कळायला वेळ लागला नाही. शुक्रवारी जाळीपाशी पिशवी ठेवताना ती मला म्हणाली, “टपाल लवकर पोचलं.”

योशिनो-सान दर रविवारी दुपारी शिओरीला दोन तासांसाठी घेऊन यायच्या. पोर आईशी खेळायची, आणि या कपाटातले पेले हुंगायच्या. मला हे ठाऊक आहे कारण सुमिएच्या स्वयंपाकघराची खिडकी माझ्या मोरीच्या खिडकीसमोर येते. एकदा जाताना माझ्यापाशी थांबल्या.

“रविवारी ते केंद्र बंद असतं,” त्या म्हणाल्या. “शनिवारी छोटी बाटली भरून देतात, रविवारी घरी आपलं आपण घ्यायचं. कोण बघतं?”

“हो ना,” मी म्हटलं. “रविवारी कोण बघतं!”

हे मी उगीचच म्हटलं. बोलण्याला बोलणं.

जानेवारी उजाडला. आमचं गाव साके गाळणाऱ्यांचं. थंडी पडली की सगळ्या पेठेत वाफवलेल्या तांदळाचा वास भरतो. साके गाळून झाली की मागे पांढरा, ओलसर चोथा उरतो. त्याच्या वड्या दुकानात येतात आणि मग मार्चपर्यंत आमच्या पोटात चोथाच चोथा. त्याचं सार करतो, त्यात मासा मुरवतो, खरबूज मुरवतो, निखाऱ्यावर भाजून साखर भुरभुरवून पोरांच्या हातात देतो. दात येण्याआधी मी चोथा चाखला होता असं माझी आई सांगायची.

तिसऱ्या रविवारी बागेत गल्लीचं मोची, म्हणजे चिकट भाताचे गोळे, कुटणं होतं. पुरुषांनी उखळात भात कुटायचा, बायकांनी गोळे वळायचे, आणि मोठ्या पातेल्यात चोथ्याचं सार. सार माझ्याकडे असतं, पंधरा वर्षं. त्या दिवशी सुमिए आली. मी पळी हातातच धरून उभी राहिले. दोन वर्षांत तिला चारचौघांत एक घास खाताना कोणी पाहिलं नव्हतं. तिला सर्दी झाली होती, नाक लाल, आवाज बसलेला.

“केंद्रातून काम दिलंय,” ती माझ्या कानाशी म्हणाली. “लोकांमध्ये बसून एक वाडगा खायचा आणि तासभर तिथंच बसायचं. आईही येणारेत बघायला.”

मी तिच्याबद्दल गल्लीभर केलेलं मला आठवत होतं, आणि माणसाला कधीतरी भरपाई करावीशी वाटते. मी आधीच ठरवून दुसरं छोटं पातेलं चढवलं होतं. तिच्यासाठी आणि पोरांसाठी वेगळं. डुकराचं मांस, मुळा, गाजर घालून मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं, सूप. पुढ्यात ठेवलं. तिनं चमचा उचलला आणि खाली ठेवला.

“तात्सुमी-सान, यात साके नाही ना?”

“थेंबही नाही!” मी छातीवर हात ठेवला. “मीच केलंय. नुसतं मिसो. वर चव यावी म्हणून जे काय आपलं नेहमीचं घालतो तेवढंच.”

तिनं खाल्लं. हळूहळू, मध्ये मध्ये थांबत, शेवटचा गाजराचा तुकडासुद्धा. समोरच्या बाकावर योशिनो-सान हातमोजे न काढता बसल्या होत्या. वाडगा रिकामा झाला तेव्हा त्यांनी मान किंचित, अगदी सुईच्या टोकाएवढी हलवली. सुमिएनं घड्याळात बघितलं. तास सुरू झाला.

दहा मिनिटांत तिचा गळा लाल झाला. मग कान. मग सगळा चेहरा, उकडलेल्या खेकड्यासारखा. तिनं छातीवर हात दाबला. कपाळावर घाम, बाहेर थंडी कडाक्याची. ती उठली, दोन पावलं चालली, धडपडली, आणि अवजारांच्या खोलीमागे जाऊन ओकली.

उखळातली मोगरी थांबली. सगळ्यांना सगळं ऐकू आलं.

“भर दुपारी!” कोपऱ्यावरच्या आजीबाई म्हणाल्या.

“मी म्हणतच होतो,” कुमे-सान म्हणाले. ते काय म्हणत होते ते कोणी विचारलं नाही.

सुमिए भिंतीला धरून परत आली. “मी काही प्यायले नाहीये,” ती म्हणाली. “आई, मी खरंच प्यायले नाहीये.”

योशिनो-सान उठल्या. “प्यायलीस ते दिसतंय. आणि खाल्लेलं ओकलीस ते ऐकलं. दोन्ही एकदमच केलंस, बरं झालं, मला दोनदा यायला नको.” त्यांनी हातमोज्याची बोटं एकेक करून नीट बसवली. “एप्रिलचं राहू दे.”

सुमिएनं माझ्याकडे बघितलं. मी पातेल्यात बघितलं. खरं सांगते, मलाही तेच वाटलं. मनात म्हटलं, येण्याआधी घरी घोटभर घेऊन आली असणार, लोकांत बसायचा धीर यावा म्हणून. तेच सूप पोरांनी दोन-दोन वाडगे चापलं होतं आणि घसरगुंडीवर हुंदडत होती.

सोमवारी नऊ दहाची बस आली आणि गेली. सुमिए बाहेर पडली नाही. मंगळवारीही नाही. पण मंगळवारी कधीतरी माझी नजर चुकवून तिनं पिशवी आणून ठेवली होती. त्या दिवशी पाळी माझी. कावळे नव्हते.

मी जाळी थोडी उचलली. साकेचं खोकं शोधत होते, लपवायचं कशाला. खोकं नव्हतं. पावाचं एक वेष्टन नव्हतं. होती एक वही, मधोमध फाडलेली, आणि एक छापील कागद, तोही फाडलेला, पण प्लास्टिकला चिकटून असा बसला होता की चष्म्याशिवाय वाचता यावा. वहीत रोजच्या जेवणाच्या नोंदी होत्या, सुमिएच्या टापटीप, शाळेतल्या बाईंसारख्या अक्षरात. शेवटची रविवारची:

‘सकाळी सात. औषध घेतलं. दुपारी मिसोचं सूप, एक वाडगा, लोकांमध्ये. विचारून घेतलं. साके नाही.’

खालची ओळ खोडली होती.

मग कागद. ‘हे औषध चालू असताना पुढील गोष्टीही टाळा,’ असं वर ठळक. खोकल्याची काही औषधं. शक्तीची पेयं. चोथ्यात मुरवलेलं खरबूज. साकेचा चोथा.

मी तिथंच कट्ट्यावर बसले. आता चोथा म्हणजे काय दारू आहे? आमच्याकडे तान्ह्या पोरांना देतात! पण मला ते छोटं पातेलं दिसायला लागलं. आच बंद केल्यावर मी त्यात चोथ्याची अख्खी वडी कुस्करली होती. आच बंद केल्यावरच घालायची असते, उकळली तर मजा उडून जाते. काय उडून जातं ते पन्नास वर्षांत मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

गाडी यायला दहा मिनिटं होती. मी सुमिएची पिशवी जाळीखालून ओढली आणि सायकलच्या टोपलीत टाकली.

“तात्सुमी-सान!” कुमे-सान दारातून ओरडले. “दुसऱ्याचा कचरा नेता येत नाही! नियम आहे!”

“तुमचासुद्धा नेईन!” मी म्हटलं आणि पुलाकडे निघाले.

योशिनो-साननी दार उघडलं. आधी माझ्याकडे, मग पिशवीकडे बघितलं.

“हा कोणाचा कचरा?”

“तुमच्या सुनेचा.”

“आता घरपोच द्यायला लागलात वाटतं.”

मी उंबऱ्यात उभी राहून सगळं सांगितलं. चोथा, वडी, आच, छातीवर ठेवलेला हात. त्यांनी कागद पिशवीतून काढून जुळवला, वाचला, पुन्हा वाचला. बसा म्हणाल्या नाहीत.

“हे खरं कशावरून?” त्या म्हणाल्या. “तुम्हीच सांगत होतात ती पाचिंकोला जाते म्हणून.”

“तेव्हा तसा अंदाज होता.”

“मग कोणी उंच माणूस.”

“तो तुमचाच मुलगा निघाला की हो.”

“त्याआधी जंत.” त्यांनी कागद खाली ठेवला. “आज तुम्हाला तिची कीव आली, म्हणून आज ही गोष्ट. उद्या दुसरी सांगाल.”

वीस वर्षं मी लोकांना बनवत आले होते, आणि नेमकं आज खरं बोलत होते तर माझ्याजवळ दाखवायला काही नव्हतं. मी परत फिरले. पायऱ्या उतरता उतरता आठवलं ते तसंच बोलले.

“योशिनो-सान, सुमिए प्यायली की कशी दिसायची?”

“म्हणजे?”

“तुम्ही तिला जमिनीवरून उचललंत. मी समोरून रोज बघत होते. ती कधी लाल व्हायची का?”

आतल्या चुलीवर किटली खदखदत होती.

“पांढरी पडायची,” त्या म्हणाल्या. “कागदासारखी. कितीही प्यायली तरी पांढरी.”

“आणि परवा?”

त्यांनी कागद पुन्हा हातात घेतला. बोट ओळीवरून फिरत गेलं, टाका तपासावा तसं. चेहरा तापतो, छाती धडधडते, ओकारी येते. मग वहीतली ओळ: सकाळी सात, औषध घेतलं.

“औषध पोटात नसतं तर तुमच्या सुपानं ती लाल झाली नसती,” त्या म्हणाल्या. “पोरं लाल झाली नाहीत.” कागदाचे तुकडे एकावर एक ठेवले. “रविवार होता. कोणी बघत नव्हतं.”

त्यांनी कोट घातला.

सुमिएनं साखळी न काढता फटीएवढं दार उघडलं. दोन दिवसांत डोळे खोल गेले होते. फटीतून मला तिच्या टेबलावरचं साकेचं खोकं दिसलं. नवं कोरं, झाकणावरचं कागदी सील तसंच.

“उघडलेलं नाही,” ती म्हणाली, मी विचारण्याआधीच. “म्हटलं, सगळ्यांनी ठरवलंच आहे. आणि मलाच कळेना. झोपेत प्यायले की काय? विसरले की काय? दोन दिवस कपाटं उपसतेय, मीच कुठं लपवलंय ते शोधायला.”

“सुपात होतं गं,” मी म्हटलं. “मी घातलं. म्हणजे साके नाही, नुसता चोथा—”

“मी तुम्हाला विचारलं होतं.”

“हो.”

“तुम्ही थेंबही नाही म्हणालात.”

“थेंब नव्हताच, चोथा होता!”

“चोथा कशाचा असतो, तात्सुमी-सान?”



साखळी निघाली. योशिनो-सान आत गेल्या, टेबलावरचं खोकं उचललं आणि माझ्या हातात कोंबलं. “हे तुमचं.” मग सुनेकडे वळल्या. “अकरा चाळीसची बस आहे. डबा नसेल तर वाटेत घेऊ. काय घ्यायचं ते तू सांग, मला त्यातलं कळत नाही. मी वर येऊन बसेन.” आणि कोटाच्या गुंडीकडे बघत, “एप्रिलचं ठरलं तसंच.”

सुमिएनं तोंडावर टॉवेल दाबला. मी हळूच निघायला लागले.

“कुठं चाललात?” योशिनो-सान म्हणाल्या. “तुमच्या तोंडानं हे अकरा घरी गेलं. ते अकरा घरांतून परत आणा. तोंडानं नको. कागदावर, शिक्के घेऊन.”

आमच्याकडे गल्लीची सूचनांची फळी असते. घराघरांतून फिरते; वाचायचं, यादीत आपल्या नावापुढे शिक्का मारायचा, शेजारी द्यायची. नळदुरुस्ती, हरवलेली मांजर, कचऱ्याचे वार. मी लिहायला बसले ते सुमिएच्याच टेबलाशी.

“माझं नाव घालायचं नाही,” ती म्हणाली. “तुमचं घाला.”

मी लिहिलं, ‘अनवधानानं’. तिनं तो शब्द खोडला. मी लिहिलं, ‘काहीसा गैरसमज’. तोही खोडला. शेवटी उरलं ते असं: ‘रविवारच्या छोट्या पातेल्यातल्या सुपात मी, तात्सुमीनं, साकेचा चोथा घातला होता. विचारल्यावर नाही म्हणून सांगितलं. ते खोटं होतं. त्या दिवशी कोणीही प्यायलेलं नव्हतं.’

कुमे-साननी चष्मा वर-खाली करून दोनदा वाचलं. “‘खोटं’ जरा कडक वाटतं हो. गल्लीची फळी आहे. मी बदलू का?”

“बदलायचं नाही असा हुकूम आहे.”

“कोणाचा?”

“शिक्का मारा, कुमे-सान.”

एरवी फळी दोन आठवडे फिरते, या वेळी दीड दिवसात फिरली. योशिनो-साननी शिक्के बोट ठेवून मोजले. कुमे-सानचा पुसट उठला होता, तो त्यांनी परत पाठवून पुन्हा मारून घेतला.

असं नका समजू की त्यानंतर सगळं गुळगुळीत झालं. फेब्रुवारीत एका शुक्रवारी सुमिएच्या पिशवीत पावांची चौदा वेष्टनं होती. मी मोजली, आणि मग गाडी येईपर्यंत कावळ्यांकडे बघत बसले. सोमवारी ती नऊ दहाच्या बसला होती. आजही असते. आणि माझ्याकडे ती अजून तशीच बघते, जिन्यात बघितलं होतं तशी. नमस्कार करते, पण डोळे माझ्या हातांवर असतात.

एप्रिलमध्ये शिओरी दप्तर पाठीला लावून समोरच्या दारातून शाळेत गेली. मी त्याच दिवशी बांबूचे कोवळे कोंब शिजवून डबा भरून त्यांच्या पायरीवर ठेवला. तिसऱ्या दिवशी डबा माझ्या पायरीवर परत आला, झाकण न उघडलेला. वर टापटीप अक्षरात चिठ्ठी: ‘आभारी आहे. यात काय काय घातलंय ते सगळं लिहून द्या. नेहमीचं काय ते सुद्धा.’

मी पेन घेऊन बसले. बांबूचे कोंब. वाळलेल्या माशाचं पाणी. सोया. साखर. मिरिन. मिरिनपाशी पेन थांबलं. स्वयंपाकातली गोड साकेच की ती, रोज पळीभर घालते.

तो डबा कुमे-सानकडे गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारातून पुन्हा कोंब आणले आणि सोलायला बसले.